पेटीवाल्या मामांचे ८०० शब्द

पद्म पुरस्कारासाठी कुणीही साधा माणूस कुणाचंही नाव सुचवू शकतो, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. माझी समजूत अशी की हे सगळं दिल्लीत वरच्या वर ठरतं. २५ जानेवारीच्या संध्याकाळी यादी येते आणि दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाहून आल्यावर आपण ती पेपरात वाचायची, एवढाच आपला संबंध. मामांसाठी हा अर्ज भरला तेव्हा खरं काय ते कळलं. ज्यांच्या घरात असं एखादं म्हातारं, गुणी आणि निर्लेप माणूस आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते.

माझे मामा पेटी वाजवतात. राहायला सांगलीत. जन्म १९४०चा, आणि आकाशवाणीवर पेटीला बंदी आली तीही १९४० सालीच. ती उठली १९७१ साली, तीसुद्धा साथीपुरती. मामा म्हणतात, "मी आणि ती बंदी एका वयाचे, पण मी जास्त टिकलो." संगीत नाटकाच्या मंडळ्या, गणेशोत्सवातल्या मैफली, भजनं, गावोगावच्या जत्रा अशी पासष्टएक वर्षं त्यांनी साथ केली. पोट मात्र पेटीवर नव्हतं. दिवसा ते एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. हा छापखाना लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये बातमी वाचली की संगीत नाटक अकादमीनं पंचाहत्तरीच्या पुढच्या, तोवर राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या कलाकारांना 'अमृत पुरस्कार' दिले. एक लाख रुपये, ताम्रपत्र आणि अंगवस्त्र. मी मामांना फोन करून विचारलं, "तुमचं नाव कुणी कुठं कळवलं होतं का हो?" ते हसले. नंतर मामीनं फोन घेतला. "अगं, कोण कळवणार? गाणारा आपलं कळवतो, वाजवणारा पेटी उचलून एसटीला पळतो."

अमृत पुरस्कार त्या एका वेळेपुरते होते, ते हुकलेच. मग मी पद्मचे नियम वाचायला घेतले. २०२५ च्या पुरस्कारांसाठी नावं सुचवायची मुदत होती १ मे ते १५ सप्टेंबर २०२४. सगळं ऑनलाइन, 'राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल'वर, कागदी टपाल नाही. फी एक पैसाही नाही. स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तरी चालतं. सरकारी नोकर, त्यात सार्वजनिक उपक्रमांतलेही आले, सेवेत असेपर्यंत पात्र नसतात. अपवाद डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. आमचा छापखाना खाजगी, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. आलेली नावं एक समिती बघते. ती पंतप्रधान दरवर्षी नेमतात, अध्यक्ष कॅबिनेट सचिव असतात आणि चार ते सहा नामवंत सदस्य असतात. मामीचा पहिला प्रश्न होता, "पैसे किती?" मी सांगितलं, रुपयासुद्धा नाही, राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. मामी म्हणाली, "बरं झालं, शाल नाही ते." शालींची त्यांच्याकडं एक पत्र्याची ट्रंक भरली आहे.

मामांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे मी ठरवलं होतं. मे महिन्यात आंबे घेऊन गेले आणि विषय काढला.

"मागून मिळालेला मान तो कसला मान?" मामा म्हणाले.

"तुम्ही कुठं मागताय? मी सुचवतेय."

बराच वेळ भात्यावरून फडकं फिरवत बसले. मग म्हणाले, "सुचव. पण खोटं एक अक्षर लिहायचं नाही. लोकांच्या खोट्या कार्यक्रमपत्रिका मी हातानं जुळवल्यात. 'विश्वविख्यात'चे खिळे कायम हाताशी ठेवावे लागायचे."

अर्जाचा गाभा म्हणजे जास्तीत जास्त ८०० शब्दांचं निवेदन: या माणसानं काय केलं, त्यात वेगळं काय आणि त्याचा कुणाला काय उपयोग झाला. ८०० शब्द म्हणजे दोन संध्याकाळचं काम, असं मला वाटलं होतं. लागले साडेतीन महिने.

कारण साथीदाराच्या आयुष्याचा कागद सापडत नाही. गाणाऱ्याची कात्रणं असतात, मुलाखती असतात, तबकडीवर नाव असतं. मामांच्या नावानं शोधायला गेलं की हाताला काही लागत नाही. मी आधी कार्यक्रमांच्या जुन्या पत्रिका गोळा केल्या. ओळखीच्या घरांतून, एका मंडळाच्या कपाटातून एकतीस पत्रिका मिळाल्या. मामांनी साथ केली हे जिथं सगळ्यांना माहीत आहे अशा एकतीस. त्यांतल्या नऊच पत्रिकांवर त्यांचं नाव. मी चिडून मंडळवाल्यांना नावं ठेवायला लागले तर मामा शांतपणे म्हणाले, "त्यातल्या निम्म्या मीच जुळवल्यात. ओळ बसत नसली की आधी तबलजीचं नाव काढायचो, तरी नाही बसली तर माझं. गाणाऱ्याचं थोडंच काढता येतंय?"

यावर काय बोलणार!

मग डायऱ्या. मामा दरवर्षी एक छोटी खिशातली डायरी ठेवत. तारीख, गाव, गाणाऱ्याची पट्टी (पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या सुराला सा धरून तो गातो ती) आणि बिदागी, एका कार्यक्रमाला एक ओळ. ऑगस्ट २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत छातीपर्यंत पाणी होतं आणि डायऱ्यांची पेटी खालीच होती. पाणी ओसरल्यावर मामीनं त्या उन्हात वाळवल्या, पण पानं एकमेकांना चिकटलेली. ती मी एकेक करून पातळ फुटपट्टीनं सोडवली. गाणाऱ्याची पट्टी मामा पेन्सिलनं लिहायचे, कारण ती तालमीत बदलायची. बाकी सगळं शाईच्या पेननं. शाई धुऊन निळसर डाग राहिले होते आणि पेन्सिल जशीच्या तशी. पानामागून पान नुसतं: काळी चार. पांढरी दोन. काळी एक. काळी पाच. गाव नाही, नाव नाही, पैसे नाहीत. मी हताश झाले. मामांनी चष्मा लावला आणि पानावर बोट ठेवून सांगायला लागले, "काळी पाच म्हणजे ह्या बाई. त्यांच्याखेरीज तेव्हा कुणी इकडं काळी पाचात गात नव्हतं. मग हे गाव अमुक, कारण त्या वर्षी त्या तिथंच आल्या होत्या."

माझ्या फोनमध्ये तेव्हाचं अकरा तासांचं रेकॉर्डिंग आहे. एक सांगते: असं काही करायचं मनात असेल तर पहिलं काम हे करा, अर्ज-बिर्ज नंतर. कागद कुठंतरी मिळतो, तो वाचून दाखवणारा माणूस नेहमी मिळत नाही.

अडचण दुसरीच होती, मामांना तारखा आठवतात त्या तिथीनं. "अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री." "दत्तजयंतीला." साल आठवतं ते एखाद्याच्या लग्नावरून किंवा दुष्काळावरून. जुनी पंचांगं एका वाचनालयात होती, तिथं बसून तिथीच्या तारखा काढल्या आणि मग त्या तारखेच्या आसपासचे पेपर चाळले. कार्यक्रमाची बातमी सहसा दोन-तीन दिवसांनी येते आणि आतल्या पानावर येते, हे ध्यानात ठेवलं तर वेळ वाचतो. बांधीव खंडांची झेरॉक्स काढू देत नाहीत, फोटोला परवानगी लागते. मी सहा शनिवार गेले. ग्रंथपालबाई पहिल्या दिवशी फटकून वागल्या. तिसऱ्या शनिवारी त्यांनीच एक खंड काढून ठेवला होता.

त्या खंडात मला तो फोटो सापडला. गाणाऱ्या बाई मधोमध, डोळे मिटलेले, हात वर. उजव्या कडेला, जिथं छायाचित्र कापलं आहे, तिथं पेटीचा अर्धा भाग आणि भात्यावर एक डावा हात. मनगटापाशी फोटो संपतो. खाली ओळीत फक्त बाईंचं नाव. मी फोनवर मोठा करून मामांना दाखवला. त्यांनी क्षणभर बघितलं आणि स्वतःचा डावा हात पुढं केला. करंगळीच्या शेजारचं बोट पहिल्या पेरापाशी थोडं बाहेर वळलेलं आहे, लहानपणी दारात सापडलं होतं. फोटोतही तसंच. "मीच की," म्हणाले. मामी म्हणाली, "तोंड कुठंय?" मामा म्हणाले, "तोंडाचं काय काम होतं?"

ठोस पुरावा मिळाला तो आकाशवाणीच्या करारपत्रांचा. बंदी उठल्यानंतरच्या वर्षांतली चौदा पत्रं मामीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवली होती म्हणून वाचली. तारीख, वेळ, मानधन, सगळं टंकलिखित. तुमच्या माणसानं कधी रेडिओवर वाजवलं असेल तर ही पत्रं आधी शोधा.

मधल्या काळात दोन फाटे फुटले. मी चौकशा करतेय हे कुणाकडून तरी पसरलं आणि जुलैत एका संस्थेचा फोन आला. नावात 'राष्ट्रीय' होतं. मामांना 'संगीत जीवनगौरव' जाहीर झाल्याचं अभिनंदन! मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम, ट्रॉफी, मानपत्र, व्हिडिओ. मला भरूनच आलं. चौथ्या मिनिटाला 'सहयोग निधी' निघाला, १५,००० रुपये, आणि सोबत येणाऱ्यांच्या जेवणाचे वेगळे. मामांनी पेटी कुठं, किती वर्षं वाजवली हे त्या माणसाला सांगता येईना. मी फोन ठेवला. पैसे मागितले की तो पुरस्कार नाही, विक्री आहे, इतकं सरळ समजा. पंधरा दिवसांनी आणखी एकजण, "पद्मची फाइल आम्ही वर सरकवतो" म्हणणारा. जो अर्ज फुकट आणि घरबसल्या भरता येतो तो सरकवायला माणूस कशाला?

दुसरा फाटा प्रामाणिक होता, पण दमवणारा. एका संस्थेचा खराखुरा जीवनगौरव आहे, चांगल्या माणसांना मिळालेला. त्यांनी माहितीच्या पाच प्रती मागितल्या, स्पायरल बांधणी करून, दोन नामवंतांच्या शिफारशींसह. एका ज्येष्ठ गायिकेला मी पत्र लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं, पोस्टकार्डावर, एकच वाक्य: ते मागं असले की मला मागं बघावं लागत नसे. दुसऱ्या गायकांकडून तीन फोननंतरही काही आलं नाही. एका शिफारशीनिशीच प्रती पाठवल्या. पोचसुद्धा मिळाली नाही. त्या पाच प्रतींचा खर्च १,१५० रुपये; एकूण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा तोच, बाकी एसटी, झेरॉक्स आणि स्कॅनिंग मिळून अडीच हजारांच्या आत भागलं. ते पोस्टकार्ड मात्र माझ्याकडं आहे, त्यामुळं तक्रार नाही.

ऑगस्टमध्ये लिहायला बसले. पहिला मसुदा मराठीत, कारण मला सुचतं मराठीत. इंग्रजी करून द्यायला भाची होती. तेराशे शब्द झाले. भाचीनं वाचलं आणि म्हणाली, "मावशी, यात आजोबा कुठायत?" खरंच, सगळा मसुदा म्हणजे दुसऱ्यांच्या नावांची यादी होती. यांना साथ केली, त्यांना साथ केली. वाचणाऱ्याला वाटेल, मोठी माणसं होती ती, त्यांनाच द्या पुरस्कार. मी सगळी नावं खोडली. दोनच परत घातली.

आता उरलेल्या जागेत साथ म्हणजे काय ते सांगायचं होतं, तेही दिल्लीत बसून शेकडो निवेदनं वाचणाऱ्या माणसाला. 'समर्थ साथ', 'अनुरूप साथ' हे शब्द आपण वृत्तांतात इतके वापरलेत की त्यांचा अर्थच झिजलाय. शेवटी मी एक प्रसंग लिहिला. नाटकाचा प्रयोग, दुसऱ्या अंकात गायक नटाचा आवाज बसलेला. पडद्याआडून त्यानं मामांना दोन बोटं दाखवली. पुढचं पद मामांनी काळी चारऐवजी काळी दोनमध्ये धरलं, सुरावट तीच, बोटं सगळी वेगळी, आणि सुरुवातीला पेटी जरा जास्त वेळ वाजवत ठेवली, त्याला घोटभर पाणी पिता यावं म्हणून. पहिल्या रांगेला कळलं नाही. हा प्रसंग १२० शब्दांत बसला. बंदीच्या काळात पेटीवाल्यांना रेडिओचं दार बंद होतं हे दोन वाक्यांत. शिकवलेली मुलं साठावर, फी घेतली ती निम्म्यांकडून, हे एका वाक्यात. 'विश्वविख्यात' कुठंही नाही. पेटीवाल्यांना हा सन्मान मिळालाच नाही असंही नव्हतं, २००६ मध्ये महमूद धोलपुरींना आणि २०१६ मध्ये तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली होती. ते निवेदनात लिहिलं नाही, पण रात्री अकरा वाजता तिसऱ्यांदा वाक्यं कापताना मनाला धीर द्यायला उपयोगी पडलं.

मुदत संपत होती ऐन गणपतीत. गौरी विसर्जनाच्या रात्री, १२ सप्टेंबरला, सगळी पांगल्यावर मी लॅपटॉप उघडला. जन्मतारखेपाशी अडले. आधारवर १ जून. आमच्या अर्ध्या खानदानाचा जन्म १ जूनचा आहे, मास्तरांच्या कृपेनं. खरा जन्म मार्गशीर्षातला. मामा म्हणाले होते खोटं एक अक्षर नको. पण अर्जात कागदपत्राप्रमाणंच लिहावं लागतं, तिथं तिथी चालत नाही. मी १ जून लिहिलं आणि मामांना सांगितलं नाही. निवेदन आधी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण करून, शब्द मोजून, मगच चिकटवलं. तुम्हीही तसंच करा. ७९२ शब्द. बटण दाबलं, भरलेला अर्ज उतरवून घेतला, दोन ठिकाणी ठेवला. मग दोन वाजेपर्यंत झोप आली नाही.

त्यानंतर चार महिने काही नाही. नसतंच. विचारायला फोन नंबर शोधत बसू नका. डिसेंबरात मामांना न्यूमोनिया झाला, नऊ दिवस दवाखाना. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, अगदी अपवादानं देतात, हे नियमातलं वाक्य मला आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. रविशंकरांना ग्रॅमीचा जीवनगौरव २०१३ च्या फेब्रुवारीत मिळाला, ते गेले त्याच्या दोन महिने आधी. आयुष्यभराचा गौरव करायचा तर आयुष्य बरंचसं संपायची वाट बघतात, आणि मग थोडक्यात चुकामूक होते. मामा घरी आले. आल्या दिवशी भाता ओढून बघितला, दम लागला, ठेवून दिला.

२५ जानेवारी २०२५, शनिवार. यादी संध्याकाळी आली. ७ पद्मविभूषण, १९ पद्मभूषण, ११३ पद्मश्री. मी फोनवर वरून खाली, मग खालून वर वाचली. मामांचं नाव नव्हतं. मला वाटलं होतं तयारी होती मनाची, नव्हती. तासाभरानं मामांना फोन केला.

"अश्विनी भिड्यांचं आहे ना?" ते म्हणाले. "रेडिओवर सांगितलं. छान झालं. गाणं आहे त्यांच्याकडं."

आणि विषय संपला. त्यांच्याकडून संपला. माझ्याकडून मार्चपर्यंत संपला नव्हता, तोवर पुढच्या वर्षाची प्रक्रिया सुरूही झाली. या वेळी तारखा बदलल्या होत्या: १५ मार्च ते ३१ जुलै २०२५. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून सप्टेंबरची वाट बघितली असती तर दार बंद झालेलं असतं. तेव्हा दरवर्षी तारीख नव्यानं तपासा.

जुलैत पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. गेल्या खेपेला निवेदन मी मामांना वाचून दाखवलंच नव्हतं. संकोच वाटला होता. या वेळी मराठी मसुदा छापून नेला. ते छापखान्यातल्यासारखे वाचतात, बोट ओळीखाली सरकवत, ओठ न हलवता. पाण्याच्या प्रसंगापाशी थांबले.

"काळी दोन नाही. काळी एक. दोन बोटं म्हणजे दोन पट्ट्या खाली नव्हे, आमचं ठरलेलं वेगळं होतं."

मी दुरुस्त केलं. शेवटी त्यांनी विचारलं, "किती शब्द म्हणालीस?"

"७९२."

"आणि जागा किती?"

"८००."

"मग आठ शिल्लक आहेत. त्या प्रयोगाला तबल्यावर जो होता त्याचं नाव घाल. तो नसता तर मला ते पद लांबवता आलं नसतं. तालात धरून बसला बिचारा."

मी म्हटलं, मामा, हा अर्ज तुमच्यासाठी आहे, असं दुसऱ्याचं नाव घालून काही उपयोग नाही. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि पेन्सिल दिली.

सहा शब्द लागले.